देवद्राक्षारसाच्या फळ्या

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मेहताभाई यांनी एकदा मला नोटीस टाइप करायला दिली होती. ‘गच्चीवर पापड वाळत घालू नयेत.’ मी घाईत एक अक्षर खाल्लं. तीन दिवस बोर्डावर ‘गच्चीवर पाप वाळत घालू नयेत’ असं लागलं होतं. चौथ्या दिवशी मेहताभाई दुकानात आले. “सुनंदाबेन, नोटिस में कुछ गड़बड़ है क्या? लोग वाचतात आणि हसतात. पण पापड बंद झाले हां.”

अशा चुका करून करून मी शांती नगरच्या एका चिंचोळ्या दुकानात सत्तावीस वर्षं काढली. बाहेर पाटी होती: मराठी, हिंदी, इंग्रजी टायपिंग. प्रूफरीडिंग करून मिळेल. लग्नपत्रिका, राजीनामे, उत्तरकार्याची पत्रं, पीएचडीचे प्रबंध, सासूविरुद्धच्या तक्रारी, सगळं टाइप केलं. बाहेरच्यांना वाटतं की हे काम म्हणजे बोटं चालवणं. खरं काम नंतर सुरू होतं. टाइप केलेला मजकूर कागदावर काढायचा, त्याला आम्ही प्रूफ म्हणतो, आणि अक्षर न् अक्षर मूळ हस्तलिखिताशी ताडून बघायचं. यातली मोठी अडचण अशी, की डोळ्यांना अर्थ कळायला लागला की ते अक्षरं बघायचं सोडून देतात. म्हणून चांगला प्रूफरीडर मजकुरात रमत नाही. मी आयुष्यात एकदाच रमले, आणि त्याचीच ही गोष्ट.

चारेक वर्षांपूर्वी एका दुपारी एक उंच, ताठ म्हातारे दुकानात आले. पांढरा इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर छोटी गोल टोपी, हातात तीन फुलस्केप वह्या. बसायच्या आधी त्यांनी माझी पाटी वाचली.

“‘करून मिळेल’ नको,” ते म्हणाले. “‘करून देऊ’ लिहा. मिळेल म्हटलं की कोण देणार ते कळत नाही.”

मी ओळखलं, मराठीचे मास्तर. नाव मोझेस. आडनाव अलिबागकडच्या एका गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’. मी आपलं सहज विचारलं, “ख्रिश्चन का तुम्ही, सर?”

“सगळेच विचारतात. आम्ही बेने इस्रायली. ज्यू. दोन हजार वर्षांपूर्वी आमचं जहाज कोकणच्या किनाऱ्याला फुटलं असं आमच्यात सांगतात. तेव्हापासून आम्ही तेल गाळलं, शेती केली आणि मराठी बोललो. आता मी सिल्व्हर पार्कला मुलीकडे राहतोय.”

वह्यांवर शीर्षक होतं: ‘प्राचीन इस्रायलची दारू’.

माझा चेहरा बघून ते हसले नाहीत. “वाचा, मग बोला,” म्हणाले. त्यांची नात नओमी हिचं तीन महिन्यांनी लग्न होतं, आणि येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या हातात त्यांना ही पुस्तिका ठेवायची होती.

मी वाचली. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. जुन्या इस्रायलमध्ये देवाचा आशीर्वाद तीन गोष्टींत मोजायचे: धान्य, द्राक्षांची दारू आणि तेल. शांतता कशाला म्हणायचं, तर प्रत्येक माणूस आपापल्या द्राक्षवेलीखाली आणि अंजिराखाली निवांत बसलाय, त्याला. यरुशलेमच्या मंदिरात कोकरू अर्पण करताना वेदीवर दारू ओतायची. तिथं सेवा करणाऱ्या याजकाला मात्र प्यायला बंदी. म्हणजे घरातली सगळ्यांत आनंदाची वस्तू न्यायची आणि ओतून टाकायची. संदेष्टे लोकांना बजावायचे तेसुद्धा याच भाषेत. तुम्ही मळे लावाल, पण त्यांची दारू तुमच्या तोंडी लागणार नाही. द्राक्षं तुडवतानाची गाणी बंद पडतील. एकदा टोळधाडीनं वेली सोलून काढल्या, तेव्हा संदेष्ट्यानं आधी दारुड्यांना सांगितलं, उठा आणि रडा. पाठोपाठ याजकांना सांगितलं, तुम्हीही रडा, कारण ओतायला काही उरलं नाही. सरांनी लिहिलं होतं की दारुडा आणि याजक एकाच गोष्टीसाठी रडतायत, असं चित्र त्यांनी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

पुढच्या भेटीत मी म्हटलं, “सर, मजकूर छान आहे. पण ‘दारू’ शब्द खटकतो. ‘द्राक्षारस’ करू या का?”

“आमच्या ग्रंथांच्या मराठी भाषांतरात तोच आहे,” सर म्हणाले. “पण आज नाक्यावरच्या ज्यूस सेंटरवर जा. द्राक्षारस म्हटलं तर तो मोठा ग्लास देईल, वर बर्फ घालून. ज्यूस गेला म्हणून कोण रडतं, सुनंदाबाई?”

मी गप्प बसले नाही. आमच्या घरची गोष्ट त्यांना सांगितली. माझे वडील मिलमध्ये होते. त्यांच्या पिण्यापायी आईनं किती देव पाण्यात ठेवले त्याला गणती नाही. मी नववीत असताना त्यांनी बाटली सोडली, ती कायमची, आणि आईनं त्या दिवशी अख्ख्या मजल्यावर शिरा वाटला. “तुमच्या पुस्तकात दारू गेली की सण बंद होतात,” मी म्हटलं. “आमच्याकडे ती गेली तेव्हा सण सुरू झाले.”

सरांनी पेन काढलं आणि प्रस्तावनेत एक परिच्छेद घातला, की याच ग्रंथांत दारूनं घरं बुडाल्याचंही लिहिलंय, आणि ज्या घरानं ते भोगलंय त्या घराला हे पुस्तक लिहिणारा नमस्कार करतो. कोणाचं नाव नव्हतं. पण तो परिच्छेद टाइप करताना मला दोनदा थांबावं लागलं. रमले म्हणते ती इथपासून.

त्यांची मुलगी रूथ अधूनमधून प्रूफं न्यायला यायची. ती बँकेत होती, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. तिनंच एकदा सांगितलं. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ सुरू होतो, आणि तो भरलेल्या पेल्यावर आशीर्वाद म्हणून सुरू करायचा असतो. शनिवारी तारे दिसल्यावर संपवायचा तोही पेल्यावरच. मंदिर पडलं, वेदी गेली, ओतायची जागाच राहिली नाही. मग तो पेला घरोघरच्या जेवणाच्या टेबलावर आला. कोकणात द्राक्षं कुठली मिळणार? म्हणून बेने इस्रायली बायका काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करायच्या आणि तेच पेल्यात भरायच्या.

“आमच्याकडे आई करायची,” रूथ म्हणाली. “दीड वर्ष झालं आई जाऊन. तेव्हापासून पप्पांनी पेला हातात नाही घेतला, ताई. शुक्रवारी पावावर आशीर्वाद म्हणतात, शनिवारी चहावर. अडचणीला चालतं म्हणतात. आम्ही काय बोलणार?”

लग्नाच्या आधीच्या बुधवारी संध्याकाळी शेवटची प्रूफं मंजूर झाली. गुरुवारी सकाळी फायली हाटकेशला छापखान्यात जायच्या होत्या. बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी सरांचा फोन आला. आवाज पडलेला.

“आमच्या मेहुणीनं प्रूफ बघितलंय,” ते म्हणाले. मेहुणी म्हणजे सारामावशी, त्यांच्या बायकोची धाकटी बहीण, लग्नासाठी पुण्याहून आलेली. मागून तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता: “लग्नाच्या पुस्तकात पानोपानी दारू! व्याही काय म्हणतील? हन्नाताई असती तर चालवून घेतलं असतं का?”

“करा द्राक्षारस,” सर म्हणाले. “सगळीकडे.”

आता थोडं धंद्याचं सांगते. कॉम्प्युटरला सांगता येतं की हा शब्द शोध आणि तिथं तो घाल. इंग्रजीत ‘फक्त पूर्ण शब्द’ असा पर्याय देऊन काम भागतं. मराठीत भागत नाही, कारण शब्दाला शेपूट चिकटतं. दारूचा, दारूने, दारूला. म्हणून मी आधी एकेक शेपटीचं रूप बदललं, ‘दारूचा’चं ‘द्राक्षारसाचा’, ‘दारूच्या’चं ‘द्राक्षारसाच्या’, आणि शेवटी उरलेली साधी दारू काढली. अर्ध्या तासात सगळी पुस्तिका शुद्ध. मुखपृष्ठावर ‘प्राचीन इस्रायलचा द्राक्षारस’. मी खूश होते. पहिली चार पानं चाळली, पुढचं पाठच होतं म्हणून वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी फाइल छापखान्यात.

शनिवारी दुपारी पुस्तकांचे गठ्ठे घेऊन मी दुकानात आले. वरचं पुस्तक काढून मधलंच पान उघडलं. नऊ नंबरचं. शलमोन राजानं यरुशलेमचं मंदिर बांधलं, त्याचं वर्णन:

‘मंदिर दगडाचे होते, परंतु आतून लबानोनच्या देवद्राक्षारसाच्या फळ्या लावल्या होत्या.’

मी खुर्चीत बसले. जुन्या भाषांतरात त्या झाडाला ‘गंधसरू’ म्हणतात. सरांनी मुलांना कळावं म्हणून मुद्दाम ‘देवदारू’ लिहिलं होतं, आणि मी त्यातली दारू काढली होती. पुढे बघितलं. देवद्राक्षारसाचे उंच वृक्ष. देवद्राक्षारस तोडायला गेलेले हजारो मजूर. एकूण अकरा ठिकाणी. टोळधाडीच्या पानावरचे दारुडे मात्र सहीसलामत होते, कारण त्यांचा ‘रु’ ऱ्हस्व.

पुस्तकं अडीचशे, आणि लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी. सरांना फोन लावला, तो बंद. मग डोक्यात उजेड पडला की शनिवार आहे. शब्बाथ. तारे दिसेपर्यंत ते फोनला हात लावणार नाहीत.

पाच वाजता एक पुस्तक पिशवीत घालून मी सिल्व्हर पार्कला गेले. घर पाहुण्यांनी भरलेलं. सरांनी स्वतः दार उघडलं.

“या, या! शब्बाथ शालोम. बसा.”

“सर, थोडं पुस्तकाचं—”

त्यांनी हात वर केला. “कामाचं बोलणं तारे दिसल्यावर. आज तुम्ही पाहुण्या. सारा, बाईंना हलवा दे.”

सारामावशीनं नारळाच्या दुधातला हलवा पुढे केला. गोल चेहऱ्याची, बडबडी बाई. मला म्हणाली, “तुम्हीच ना त्या? फार चांगलं काम केलंत हो. तो घाणेरडा शब्द काढलात.” मी मान हलवली. रूथनं माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी डोळ्यांनीच पिशवी दाखवली. तिला काही कळलं नाही.

आणि सर रंगात आले होते. कामाचं बोलायचं नव्हतं, पण धर्माचं बोलायला शब्बाथला मुभा होती. समोर बसलेल्या व्याह्यांना ते मंदिराचं वर्णन सांगायला लागले. “बाहेरून दगड. पण आत पाऊल टाकलं की दगडाचा टवका दिसायचा नाही! सगळ्या भिंतींना फळ्या. कशाच्या? सांगा, सुनंदाबाई, तुम्ही तर वाचलंय.”

माझ्या घशात हलवा अडकला. सारामावशीनं पाठीवर थापट्या मारल्या, पाणी दिलं. “सांगा ना,” सर म्हणाले.

“लाकडाच्या,” मी कशीबशी म्हटलं.

“कुठलं लाकूड?”

“सर, तारे दिसल्यावर सांगते.”

सगळे हसले. सरांना वाटलं मी विनोद केला. दीड तास मी त्या सोफ्यावर काढला. सारामावशी दर पाच मिनिटांनी बाल्कनीत जायची. आमच्याकडे दोन टॉवरांच्या मधून दिसेल तेवढंच आकाश. एकदा तिनं तारा जाहीर केला, तो विमानाचा दिवा निघाला. तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो. शेवटी तीन मिळाले.

सर माझ्याजवळ येऊन बसले. “हं. आता बोला.”

मी नववं पान उघडून त्यांच्या हातात दिलं आणि मान खाली घातली. चष्मा लावून त्यांनी वाचलं. पाठांतर चुकलेल्या मुलीसारखी मी त्यांच्या चपलांकडे बघत होते. म्हटलं, “सर, चूक माझी. सगळी माझी. परत न वाचता फाइल दिली.”

मग त्यांनी ते वाक्य मोठ्यानं वाचलं. वर्गात वाचतात तसं, शब्द तोडून. “लबानोनच्या... देव... द्राक्षारसाच्या... फळ्या.” पान उलटलं. “देवद्राक्षारसाचे वृक्ष वाऱ्यावर डोलत होते.” आणि त्यांच्या पोटातून एक आवाज आला. आधी मला वाटलं त्यांना बरं नाही. ते हसत होते. खांदे हलेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. पुस्तक व्याह्यांकडे गेलं, व्याही हसले. नओमी तर जमिनीवरच बसली.

“डोलणारच!” सर म्हणाले. “द्राक्षारसाचा वृक्ष डोलणार नाही तर काय करेल?”

रूथ स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसत नव्हती. नुसती वडिलांकडे बघत होती.

हसू ओसरल्यावर सरांनी रुमालानं डोळे पुसले. “हन्नानं पहिल्या वाचनात पकडलं असतं,” ते म्हणाले. बायकोचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मग शब्बाथ संपवायची वेळ झाली म्हणून नओमीनं नेहमीप्रमाणे चहाचा कप आणून ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला.

“रूथ, पेला काढ.”

रूथनं कपाटातून चांदीचा पेला काढला. उद्याच्या लग्नासाठी मनुकांचं सरबत करून फ्रिजमध्ये ठेवलं होतं, ते ओतलं. “काठोकाठ,” सर म्हणाले. “सांडू दे.” ते बशीत ओघळलं. सारामावशी पुटपुटली, “उद्याला कमी पडेल हां,” पण स्वतःच आणखी थोडं ओतलं. दिवे लागले असूनही एक मेणबत्ती लावली, लवंगा हुंगायला फिरवल्या, आणि सरांनी पेला उचलून हिब्रूत आशीर्वाद म्हटले. नंतर पेला फिरला. माझ्यापर्यंत आला तेव्हा मी अडखळले. पेल्यातून काही प्यायची मला सवय नाही, कारण सांगितलंच आहे. रूथ हळूच म्हणाली, “नुसत्या मनुका आहेत, ताई.” मी घोट घेतला. गोड होतं, किंचित तुरट.

आता उपाय. पुन्हा छापायला वेळ नव्हता. अशा वेळी आमच्या धंद्यात शुद्धिपत्र काढतात, चुकांची एक चिठ्ठी पुस्तकात सरकवतात. सरांनी तिथल्या तिथं मजकूर सांगितला आणि मी उतरून घेतला:

‘या पुस्तिकेत जेथे जेथे देवद्राक्षारस असे छापले आहे, तेथे देवदारू असे वाचावे. फळ्या लाकडाच्याच होत्या.’

सारामावशीनं कागद हातात घेऊन वाचला. कपाळावर हात मारला. “म्हणजे शेवटी दारू आलीच का लग्नात!”

दुकान उघडून मी तासाभरात चिठ्ठ्या छापल्या आणि कापल्या. सकाळी सगळ्या पाहुण्यांनी मिळून त्या पुस्तकांत घातल्या. लग्न छान झालं. नवरा-नवरीनं एका पेल्यातून सरबत प्यायलं, शेवटी नवऱ्यानं पायाखाली काच फोडली, मंदिर पडल्याची आठवण म्हणून. ऐन आनंदात ती आठवण ठेवायची त्यांची रीत. आणि लोक आधी चिठ्ठी वाचत होते, मग पुस्तक उघडून त्या अकरा जागा शोधत होते. मला या धंद्यात इतकी वर्षं झाली, पण माझं कुठलंही काम पाहुण्यांनी लग्नमंडपात इतक्या बारकाईनं वाचलेलं मी पाहिलं नाही. निर्दोष छापलं असतं तर ती पुस्तिका पुष्कळ घरांत पिशवीतून बाहेरही आली नसती. याचा अभिमान धरावा की लाज, हे मी अजून ठरवलेलं नाही.

महिनाभरानं दुकानाच्या फोनवर परदेशातला नंबर आला. पुस्तिकेच्या मागच्या पानावर टायपिंग करणारी म्हणून सरांनी माझं नाव आणि नंबर घातला होता. पलीकडे एक थकलेला पुरुषी आवाज, अस्सल अलिबागकडचं मराठी. सरांचे चुलतभाऊ. तरुणपणीच इस्रायलला गेलेले. सरांनी त्यांना पुस्तिका पोस्टानं पाठवली होती.

“बाई, पान चौदा,” ते म्हणाले. “चौथी ओळ. ‘द्राक्षवेलींचि’. चि ऱ्हस्व पडलाय. दीर्घ हवा.”

मी पान काढलं. खरंच ऱ्हस्व. “माफ करा हो,” मी म्हटलं. “चुका फारच झाल्या त्या पुस्तकात.”

“अहो, माफी कसली मागताय? मी रागवायला फोन नाही केला. इथं माझ्या नातवंडांना मराठी येत नाही, पोरांना बोलता येतं पण वाचता येत नाही. बायको होती तोवर आम्ही दोघं जुनी मासिकं वाचायचो. कित्येक वर्षांनी मला मराठीत चूक सापडली. कोणाला सांगू, म्हणून तुम्हाला केला.”

मी पेन उघडलं आणि कागद पुढे ओढला.

“अजून सापडल्यात का?” मी विचारलं.

“सापडल्यात की. सात आहेत. सगळ्या आजच सांगू, का दर आठवड्याला एक सांगू?”

“दर आठवड्याला एक सांगा,” मी म्हटलं.